आई-बाबांना, नव्या घराविषयी

ती. आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगितले असते, तर बाबा "बघू, बघू" म्हणाले असते आणि विषय तिथेच राहिला असता, म्हणून लिहीत आहे. बागेलगतच्या त्या तळमजल्यावरील घराचा करार मी केला आहे. तुम्ही रागावाल, हे मी धरूनच चालले आहे. पण थांबले असते तर घर हातचे गेले असते, आणि जिना उतरताना बाबा कठडा किती घट्ट धरतात व मध्येच थांबण्यासाठी बोलण्याचे निमित्त कसे काढतात, हे पाहिल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

हे केवळ गुडघ्यांसाठी मात्र नाही. शेजारची दोन्ही घरे बंद झाल्यापासून तुमच्या दाराची घंटा सामान आणून देणाऱ्यांखेरीज कोणी वाजवत नाही, आणि आई, साऱ्या बिऱ्हाडांची खबर ठेवणारी तू हल्ली संध्याकाळी दिवाही न लावता बसून राहतेस. वय झाले की असेच व्हायचे, हे मला पटत नाही. बाबांना आकडे लागतात म्हणून सांगते: 2010 मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांविषयीच्या 148 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी अधिक आढळली.

झाडांचेही महत्त्व तितकेच आहे. रॉजर उलरिच या संशोधकांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी ताडून 1984 साली दाखवून दिले, की खिडकीतून झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा ते लवकर घरी गेले. नव्या घरात पलंग खिडकीशीच असेल. तिथे एक फांदी इतकी जवळ आली आहे, की वारा सुटला की पाने गजांना घासतात.

तिथल्या माणसांनी आवारात मिळून वाफे केले आहेत व पाणी घालण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. पाळीचे माणूस दिसले नाही, की कोणीतरी दार ठोठावतेच. माईंच्या त्या प्रसंगानंतर मला याचे किती मोल वाटते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. "आईंना रोपांचे कळते का?" असे एका बाईंनी विचारले, तेव्हा मी तुझ्या वतीने होकार देऊन टाकला.

बाबांची आरामखुर्ची, रेडिओ, आईच्या कुंड्या, अगदी पोचा आलेले डबेसुद्धा बरोबर येतील. जुने घर विकायचे नाही. मन रमले नाही तर परत जाता येईल. लहानपणी माझा ताप उतरला, की तू मला पांघरुणात गुंडाळून अंगणात बसवायचीस आणि येणारी-जाणारी काकू-मावशी माझ्या कपाळाला हात लावून जायची. तेवढेच आता तुमच्या वाट्याला यावे, असे मला वाटते.

तोवर बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही आणि एकही खोके उचलायचे नाही. तिथे गेल्यावर आठवड्यातून किमान दोन तास झाडांमध्ये काढायचे, तेही थोडे थोडे. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या 2019 मधील अभ्यासात एवढा वेळ काढणाऱ्यांची प्रकृती व समाधान अधिक चांगले दिसले होते, वयस्कांचेही. आणि आई, निघण्याच्या आदल्या दिवशी कुंड्यांना पाणी घालू नकोस, उचलताना जड होतात.

तुमची,
चिमू