पुण्याला नको, वाईतच

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा स्पीकर लावतात आणि मग आई काहीच बोलत नाही, म्हणून लिहितेय.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं असलं, तरी तुम्हाला सध्या पुण्याला आणत नाही. दादाशी बोलून ठरवलंय. आत्या नावं ठेवेल, ठेवू दे. आमच्याकडे लिफ्ट आहे, कमोड आहे, सगळं खरं. पण आम्ही दिवसभर बाहेर, पोरं क्लासला. आई कुणाशी बोलणार? वाईत दार उघडं असलं की कुणीतरी डोकावतंच.

तेच दार बाबा, तुम्ही लावून घेता! भजनी मंडळाच्या बायकांना 'झोपलीय' म्हणून परत पाठवता. खुब्यात घातलेला कृत्रिम बॉल छान बसलाय, पूर्ण वजन टाका, असं डॉक्टर म्हणालेत. आता अडलंय ते भीतीपाशी. पडेन म्हणून आई उठत नाही, न उठल्याने मांडीतली ताकद जाते, मग खरंच तोल जातो. माणसांत मन रमलं की पेशंट व्यायामही नेटाने करतो, असं फिजिओ मॅडमनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं.

आई, ऑपरेशननंतर रात्री तुला आजी दिसायची, ते वेड नव्हतं गं. या वयात होतं तसं. चष्मा लावला, कानाचं यंत्र घातलं, हळूहळू ओसरलं ना? त्यासाठी लोकांना तोंड चुकवू नकोस. पण जेवण जात नाही, पहाटे जाग येऊन रडू येतं, हे डॉक्टरांना सांगायचंच. त्यावरही औषध असतं. गुरुवारची वेळ घेतलीय.

माझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा लिमलेटच्या गोळ्यांचा डबा तू मुद्दाम लांबच्या फडताळात ठेवायचीस. मी भोकाड पसरायचे, तू ढिम्म. आणि आता चहा पलंगावर? बाबा, तुमची माया कळते मला, पण कप टेबलावर ठेवा. येऊ दे तिला वॉकर घेऊन.

सोमवारपासून आईच्या मदतीला कामाच्या मावशी येतील. त्यांनी सोबत चालायचं, उचलायचं नाही. हॉलमधली सतरंजी गुंडाळा, बाथरूमकडे रात्रभर दिवा ठेवा. पाटावर बसायचं नाही, मांडी नाही, नैवेद्यालासुद्धा नाही! शनिवारची ड जीवनसत्त्वाची पुडी दुधातून.

आणि एकादशीचं भजन आपल्याकडे आहे, मंडळाला कळवून झालंय. बाबा, रागावू नका. शेजारून खुर्च्या तेवढ्या मागवा. आईचे टाळ माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, मावशींना काढायला सांगा, तुम्ही स्टुलावर चढू नका.

तुमची,
छोटी