जोडशब्दांच्या याद्या अर्ध्याच राहतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि वृत्तपत्रांच्या शैक्षणिक पुरवण्यांत जोडशब्दांच्या, म्हणजे दोन वाक्ये जोडणाऱ्या शब्दांच्या, याद्या छापल्या जातात. एका बाजूला 'ऑल्दो', दुसऱ्या बाजूला 'जरी'. 'बिकॉज'समोर 'कारण', 'अंटिल'समोर 'जोपर्यंत'. विद्यार्थी त्या मनापासून पाठ करतात आणि मिश्रवाक्य लिहायला घेतले की नेमके तिथेच अडखळतात. यात त्यांच्या मेहनतीचा दोष नाही. यादीतून शब्दाचा अर्थ कळतो, पण तो शब्द वाक्यात कसा बसवायचा ते कळत नाही.

मराठीला जोडीने बोलायची सवय आहे. जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी, जो–तो. पहिला शब्द कानावर पडला की दुसऱ्याची वाट पाहिली जाते. इंग्रजीत बहुधा गौणवाक्याच्या, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या वाक्याच्या, तोंडाशी एक शब्द लावला की भागते, मुख्य वाक्याला काही जोडावे लागत नाही. म्हणूनच 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट' हे वाक्य आपल्या कानाला पुरे वाटते, पण इंग्रजीत ते चूक आहे. 'ऑल्दो' ठेवायचे तर 'बट' काढा, 'बट' ठेवायचे तर 'ऑल्दो'. 'तरी'वर जोर द्यायचाच असेल तर 'येट' किंवा 'स्टिल' चालते. 'बिकॉज ही वॉज इल, सो ही स्टेड ॲट होम' यातले 'सो' असेच आगंतुक. 'इफ'नंतरचे 'देन' मात्र चूक नाही, फक्त बहुतेकदा त्याची गरज नसते. जो–तो या जोडीमुळे 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन' असे लिहिले जाते; त्यातला 'ही' आणि त्याआधीचा स्वल्पविराम दोन्ही गेले पाहिजेत.

सगळ्यात चिवट चूक नकाराची. 'मी येत नाही तोपर्यंत थांब' हे शुद्ध मराठी. त्यावरून 'वेट अंटिल आय डोंट कम' तयार होते आणि अर्थाचा विचका होतो. मराठी वाक्य न येण्याचा काळ मोजते, तर 'अंटिल' येण्याच्या क्षणाकडे बोट दाखवते. म्हणून 'वेट अंटिल आय कम'. 'अनलेस'च्या पोटात तर नकार आधीच आहे: 'अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन'. शंका आली तर 'अनलेस'च्या जागी 'जर नाही' ठेवून वाक्य वाचावे. त्याच गौणवाक्यात आणखी एक 'नाही' सापडला तर तो बहुधा जादा असतो. 'लेस्ट' म्हणजे 'होऊ नये म्हणून'; त्यालाही हेच लागू आहे. त्यानंतर 'शुड' येते, 'शुड नॉट' लिहिले की अर्थ उलटतो.

काळाचेही असेच. 'तो येईल तेव्हा सांगेन' यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो. इंग्रजीत वेळ किंवा अट सांगणाऱ्या 'व्हेन', 'इफ', 'ॲज सून ॲज' यांच्यामागून साधा वर्तमानकाळ येतो: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. पण 'तो कधी येईल ठाऊक नाही' हा आडून विचारलेला प्रश्न आहे, म्हणून तिथे 'आय डोंट नो व्हेन ही विल कम' हेच बरोबर. हा फरक न सांगता नुसता नियम शिकवला तर मुले बरोबर वाक्यही खोडतात.

आडून विचारलेल्या प्रश्नात आपला 'की'ही घात करतो. 'त्याने विचारले की तू कुठे राहतोस' याचे 'ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह' होते. प्रश्नार्थक शब्द स्वतःच जोडायचे काम करतो, म्हणून 'दॅट' नको आणि प्रश्नाची उलटी रचनाही नको: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड'.

इंग्रजीत जोड्या आहेत, पण मोजक्या, आणि त्या तोडता येत नाहीत. 'नो सूनर' म्हणजे शब्दशः 'त्याहून आधी नाही'; त्यात तुलना आहे, म्हणून पुढे 'दॅन'. 'हार्डली' म्हणजे 'जेमतेम', त्यापुढे 'व्हेन'. हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट'. भूतकाळ 'डिड'ने दाखवला आहे, तेव्हा 'रँग' लिहायचे नाही. 'हाउएव्हर'बद्दल एवढेच की ते 'बट'सारखे दोन वाक्ये सांधत नाही. त्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा.

यादी करणाऱ्यांना विनंती आहे की इंग्रजी शब्दासमोर त्याच बांधणीचा मराठी प्रयोग द्यावा. मराठीत तसे प्रयोग भरपूर आहेत. 'बिकॉज'ला 'कारण', पण 'बिकॉज ऑफ'ला '-मुळे'. 'ऑल्दो'ला 'जरी', पण 'डिस्पाइट'ला 'असूनही'. 'दमलेला असूनही' म्हटले की 'डिस्पाइट बीइंग टायर्ड' आपसूक सुचते आणि 'डिस्पाइट ही वॉज टायर्ड' सुचत नाही. 'ऑफ' त्याच अर्थाच्या 'इन स्पाइट'ला लागते, 'डिस्पाइट'ला कधीच नाही, हेही तिथेच छापावे. आणि 'अंटिल'समोरचे 'जोपर्यंत' खोडून 'मी येईपर्यंत थांब' एवढे वाक्य द्यावे. 'येईपर्यंत'मध्ये 'नाही' नाहीच, मग ते इंग्रजीत शिरणार कुठून?

आपला विश्वासू,
एक इंग्रजी शिक्षक