ब्रेक किती झिजला हे बाहेरून दिसायलाच हवे : इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : स्कूटरच्या मागच्या ड्रम ब्रेकच्या रचनेतील दोष आणि त्यावर विक्रेत्याने दिलेले उत्तर

महोदय,

आपल्या कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर मी वापरतो. बिल, जॉबकार्ड आणि फोटो सोबत जोडले आहेत. मागच्या ब्रेकबद्दलची माझी तक्रार इथल्या आपल्या विक्रेत्याने 'नेहमीची झीज' असे लिहून बंद केली, म्हणून थेट आपल्याला लिहितो आहे.

ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू झिजायचेच. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून झाली, त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण झीज किती झाली हे गाडी चालवणाऱ्याला कळत नाही आणि सर्व्हिसिंग करणाऱ्याला ती सहज लपवता येते, अशी रचना आपण विकत आहात. माझा आक्षेप त्याला आहे.

घडले ते असे. पावसाची भुरभुर होती. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याच्या बाजूला उतरत होतो, मागे पत्नी बसली होती. एक मुलगा सायकल घेऊन एकदम आडवा आला. डावा लिव्हर दाबला तर तो मुठीला जाऊन टेकला आणि गाडी तशीच पुढे निघाली. उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला, तर ओल्या सिमेंट रस्त्यावर पुढचे चाक सरकले. शेवटी गाडी कडेच्या मातीत घातली. कोणाला लागले नाही. पण त्याच आठवड्यात आपल्या सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणली होती आणि जॉबकार्डवर 'ब्रेक ॲडजस्ट केले' असे स्पष्ट लिहिलेले आहे.

डाव्या लिव्हरने दोन्ही चाके धरली जावीत म्हणून या गाडीत कॉम्बी ब्रेक आहे. 125 सीसीपर्यंतच्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर निदान ही सोय हवीच, असा नियम नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून लागू झाला. नियम चांगला आहे. मात्र माझ्या गाडीत लिव्हरची सगळी ओढ मागच्या ब्रेकची ढिलाई भरून काढण्यातच संपली, पुढच्या चाकापर्यंत काही पोचलेच नाही. म्हणजे मागचा ब्रेक गेला की डाव्या हाताचा पुढचा ब्रेकही जातो.

गाडी आमच्या गोपालनगरमधल्या मेकॅनिककडे उघडली. तोही वर्षानुवर्षे हेच काम करतो. चाक काढायच्या आधीच त्याने ब्रेक आर्मकडे, म्हणजे केबलने ओढली जाऊन आतला ब्रेक लावणाऱ्या बाहेरच्या पट्टीकडे, बोट दाखवले : "काकाजी, हे पाहा. आर्म काढून एक दाता मांगं बसवून देला. नट तर पयलेच संपला होता." ॲडजस्टिंग नट रॉडच्या आट्या संपेपर्यंत आवळलेला होता. प्लेट काढल्यावर काळी भुकटी खाली पडली. दोन्ही शूंचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे अस्तर, पिनेच्या बाजूला बऱ्यापैकी शाबूत होते, पण कॅमच्या बाजूला ते इतके उतरले होते की शूचे ॲल्युमिनियम ड्रमला घासत होते. ड्रमच्या आत नख अडकेल एवढी खोल चर पडली आहे.

असे लायनर पाहून कोणताही जाणकार कारण सांगेल. शू एका टोकाला पिनेवर फिरतो आणि दुसऱ्या टोकाला कॅम त्याला बाहेर ढकलतो. ढकलले जाणारे टोक जास्त सरकते, म्हणून ते आधी झिजते. लायनर जितका पातळ होतो तितका कॅमला जास्त वळावे लागते. नट आवळला की हातातला लिव्हर पुन्हा घट्ट लागतो आणि चालवणाऱ्याला वाटते ब्रेक ठीक आहे. आत मात्र कॅम आणि आर्म पुढे पुढे वळत गेलेले असतात. आर्म आणि केबल यांच्यात काटकोन असतो तेव्हा ओढ पुरती कामी येते. म्हणून नवा लायनर असताना ब्रेक दाबला तरी आर्म काटकोनाच्या अलीकडेच राहायला हवा, म्हणजे झिजेबरोबर तो काटकोनाकडे येतो. काटकोन ओलांडून 45 अंश पुढे गेला तर ओढीचा जेमतेम सात-दशांश भाग उपयोगी पडतो. त्याच्याही पुढे धोका वेगळाच : कॅम पूर्ण आडवा होऊन उलटतो, मग ब्रेक एकतर लागतच नाही किंवा लागला की सुटत नाही आणि चाक जाम होते. धावत्या दुचाकीचे मागचे चाक असे जाम झाले तर काय होईल, हे मी लिहायला नको.

हे टाळायचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. कॅमच्या दांड्यावर आर्मखाली पत्र्याचा एक छोटा काटा बसवतात आणि ब्रेक प्लेटवर खूण ओततात. ब्रेक दाबल्यावर काटा खुणेपर्यंत आला की शू बदलायचे. गाडीखाली वाकून शाळकरी मुलालाही ते पाहता येते. किती तरी साध्या स्कूटर आणि मोटरसायकलींवर असा काटा असतो. आपल्या गाडीवर काटा नाही, खूण नाही, लायनर बघायला प्लेटला भोकही नाही. शूची जाडी पाहायची तर मागचे चाक खाली उतरवावे लागते, आणि चाकात मोटर असल्यामुळे वायरी सोडवून. एवढा खटाटोप कोणता सर्व्हिस सेंटर दर वेळी करणार आहे?

त्याहून गंभीर गोष्ट आर्मची आहे. आर्म दांड्याच्या दात्यांवर एकाच जागी बसावा म्हणून दांड्यावर आणि आर्मवर पंचची खूण करतात, किंवा एक दाता रुंद ठेवतात. आपल्या दांड्यावर सगळे दाते सारखे आहेत आणि खूण कुठेच नाही. त्यामुळे शू बदलण्याऐवजी आर्म एक दाता मागे बसवला की बाहेरून सगळे कसे नव्यासारखे दिसते. माझ्या गाडीचे नेमके हेच केले गेले. ज्याने केले त्याची चूक आहेच, पण चुकीचा भाग चुकीच्या जागी बसूच नये हे बघणे डिझाइन करणाऱ्याचे काम आहे. वर्कशॉपमध्ये आम्हाला पहिल्याच वर्षी हे शिकवले होते.

ड्रमबद्दलही लिहायला हवे. तो मोटरच्या बाजूच्या झाकणातच ओतलेला आहे. त्यावर कमाल व्यास कोरलेला नाही, त्यामुळे किती झिजल्यावर तो टाकून द्यायचा हे कोणालाच माहीत नाही. विक्रेता म्हणतो की एकटा ड्रम मिळत नाही, मोटरचा आख्खा जोड घ्यावा लागेल. शिवाय मोटरची उष्णता आणि ब्रेकची उष्णता एकाच हबमध्ये साठते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. ड्रम तापून फुगला की तो शूपासून लांब जातो, वर तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. वेग ताशी 30 वरून 45 वर गेला की तो दीडपट होतो, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. जाहिरातीत आपण ज्या वेगाचा आणि दोघांना घेऊन जाण्याचा दावा करता, त्या भाराखाली हा ब्रेक भर उन्हात तपासला आहे का? तपासला असेल तर त्याचा अहवाल मला हवा आहे.

मॅन्युअलमध्ये फक्त 'ब्रेक वेळोवेळी तपासून घ्या' असे एक वाक्य आहे. लायनरची किमान जाडी नाही, आर्मचा कोन नाही, काही नाही. ही सूचना कोणाच्याही उपयोगाची नाही.

विक्रेत्याकडे जुने शू घेऊन गेलो तर सल्लागार मुलाने ते हातातही घेतले नाहीत. "काकाजी, शू कन्झ्युमेबल आहेत, वॉरंटीत येत नाहीत," एवढेच म्हणाला. शूचे पैसे मी मागतच नव्हतो. ड्रम आणि मोटरचा जोड खराब झाला तो झीज कळली नाही म्हणून, आणि झीज कळली नाही ती आपल्या रचनेमुळे आणि आपल्याच सर्व्हिस सेंटरने आर्म मागे बसवल्यामुळे.

म्हणून मोटरचा जोड आपण विनामूल्य बदलून द्यावा. कॅमचा काटा, प्लेटवरची खूण आणि आर्मवरची पंचखूण माझ्या गाडीवर आणि या मॉडेलच्या विकलेल्या प्रत्येक गाडीवर बसवून द्यावी. ते होईपर्यंत सर्व मालकांना आर्मचा कोन कसा पाहायचा हे चित्रासह मराठीत, हिंदीत कळवावे आणि सर्व्हिस सेंटरना आर्मची जागा बदलण्यास लेखी मनाई करावी. माझ्यासाठी दुसरी मागणी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. आमच्या वस्तीत हीच गाडी शिकवणीला जाणाऱ्या मुली चालवतात, त्यांच्यापैकी कोणी आर्म कुठे बसला आहे हे बघणार नाही आणि त्यांनी बघावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये रचनेतला दोष आणि अपुऱ्या सूचना, या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो, आणि ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 110-अ नुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेशही सरकार देऊ शकते. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी दोन्हीकडे जाईन.

जुने शू, कॅम आणि आर्म मी जपून ठेवले आहेत. ते विक्रेत्याच्या ताब्यात देणार नाही. आपल्या डिझाइन विभागातला माणूस नागपूरला पाठवावा. मेकॅनिकसमोर सगळे सुटे भाग मी त्याला दाखवतो, मोजमापे त्याने स्वतः घ्यावीत.

आपला ग्राहक,
गोपालनगर, नागपूर

सोबत : बिलाची प्रत, जॉबकार्डची प्रत, लायनर, ड्रम व आर्मचे फोटो