आवक-जावक रजिस्टर मागणारा वार्ताहर

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील नामवंत शोधपत्रकारांवरील लेख आवडीने वाचला. निवड चांगली असली, तरी कोणाच्या बातमीमुळे कोणाची खुर्ची गेली आणि कोणते पारितोषिक मिळाले, याच मापाने सगळ्यांना मोजलेले दिसले. त्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात.

माझी बरीचशी नोकरी दप्तरखान्यात गेली. कागद पाहायला येणारे बहुतेक वार्ताहर एखाद्या फाइलचा क्रमांक घेऊन येत आणि हवे ते टिपून दहा मिनिटांत निघून जात. क्वचित एखादा मात्र आधी आवक-जावक रजिस्टर मागे आणि मग दिवसभर मान वर करीत नसे. पत्र फाइलमधून काढता येते, पण रजिस्टरमधला त्याचा क्रमांक काढता येत नाही, हे त्याला ठाऊक असे. आम्हा कारकुनांना खरी धास्ती वाटे ती अशाच माणसाची.

अमेरिकेतील 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाच्या 'स्पॉटलाइट' या शोधपत्रकारांच्या चमूतील चौघांनी नेमके हेच केले. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना कॅथलिक चर्चने वर्षानुवर्षे पाठीशी घातल्याचे प्रकरण त्यांनी ६ जानेवारी २००२ पासून छापायला सुरुवात केली. त्यासाठी पीडितांशी बोलणे झाले, खटल्यांतील सीलबंद कागद खुले व्हावेत म्हणून हे दैनिक कोर्टातही गेले, आणि या दोन्ही गोष्टींचे कौतुक आपल्या लेखात आहेच. मात्र धर्मप्रांताच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, धर्मगुरूंच्या नेमणुका नोंदवणाऱ्या वार्षिक निर्देशिका ओळीने मांडून, कोणता धर्मगुरू कोणत्या वर्षी अचानक 'आजारी रजेवर' किंवा 'नेमणुकीच्या प्रतीक्षेत' दाखवला गेला, याचा तक्ता त्यांनी तयार केला, हा भाग लेखातून निसटला. या निर्देशिका काही गुप्त नव्हत्या. एकेक वर्षाची पाहिली असती तर त्या नोंदींत वावगे काहीच दिसले नसते; ओळीने लावल्यावर मात्र आरोप झालेल्यांना बाजूला सारण्याची रीत दिसली.

अमेरिकी पत्रकार आयडा टार्बेल यांचेही तसेच. स्टँडर्ड ऑइल या मक्तेदार तेलकंपनीवरील त्यांची १९ भागांची मालिका 'मॅक्क्लुअर्स' मासिकात नोव्हेंबर १९०२ पासून येऊ लागली. जुन्या खटल्यांतील साक्षी आणि सरकारी चौकश्यांची बाडे हा तिचा पाया होता. त्यांच्या वडिलांच्या धंद्याला याच कंपनीची झळ बसली होती, म्हणून त्यांच्या हेतूबद्दल शंका घेतली गेली. मला तर वाटते की म्हणूनच त्यांनी प्रत्येक विधानामागे कागद उभा केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचे विभाजन कायम केले ते १९११ मध्ये. मालिका संपली त्या वर्षी, म्हणजे १९०४ मध्ये, परिणामाचे माप लावले असते, तर टार्बेल आपल्या यादीत बसल्या असत्या का?

माझा मुख्य आक्षेप मात्र भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांना वगळल्याबद्दल आहे. डिसेंबर १९८१ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील वायुगळतीत त्यांच्या ओळखीचा एक कामगार दगावला. तेवढ्या धाग्यावरून त्यांनी तिथल्या रसायनांचा आणि सुरक्षाव्यवस्थेचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये 'रपट' या आपल्या लहानशा साप्ताहिकातून शहराला धोक्याचा इशारा दिला, तोही एकदा नव्हे. जून १९८४ मध्ये तोच इशारा 'जनसत्ता' या हिंदी दैनिकातून पुन्हा दिला गेला. कोणी हलले नाही, आणि २ डिसेंबरच्या रात्री जे घडले ते जगाला माहीत आहे. दुर्घटनेनंतर तपशील खणून काढणारे पुष्कळ निघतात, आणि त्यांचेही काम मोलाचे असतेच. पण घटना घडलेलीच नसताना, कोणी पत्रकार परिषद बोलावलेली नसताना, स्वतःहून एका कारखान्याच्या मागे लागणे ही या पेशातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि आपल्या मापाने तिला शून्य गुण मिळतात.

हे काम एकट्या वार्ताहराच्या चिकाटीवर होत नाही. महिनोन्‌महिने ज्याच्या नावाने एक ओळ छापून येत नाही अशा माणसाचा पगार चालू ठेवणारे, आणि त्याचा मजकूर वकिलाच्या नजरेने पुन्हा पुन्हा तपासणारे संपादकही त्यात असतात. त्यांच्याविषयीही लिहावे, ही विनंती. त्याचबरोबर, आपण अशी मालिका छापाल तेव्हा ती कोणकोणत्या कागदांवर उभी आहे आणि तिला किती काळ लागला, हे सांगणारी छोटी चौकट सोबत दिल्यास माझ्यासारख्या वाचकांची सोय होईल.

जाता जाता एक विचारतो. आपल्याच गेल्या वर्षीच्या शोधमालिकेतील चौथा भाग 'क्रमशः' या शब्दावर संपला होता. पाचवा भाग माझ्या नजरेतून सुटला असल्यास, कृपया त्याची तारीख कळवावी.

आपला,
एक नियमित वाचक