केदारकंठ्याआधी हरिश्चंद्रगड: वरच्या मजल्यावरच्या काकांना आभारपत्र

गिरगाव, मुंबई

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

येत्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर तंबू लावून मी एकटीने एक रात्र काढणार आहे. हा बेत कागदावर उतरला तो आपण माझ्यासाठी खर्च केलेल्या संध्याकाळींमुळे, आणि त्याबद्दल मला आपले मनापासून आभार मानायचे आहेत. पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण मुंबईहून असाच बेत मनात घोळवणाऱ्या इतरांना, विशेषतः एकटीने निघू पाहणाऱ्या मुलींना, आपण सांगितलेल्या गोष्टींचा उपयोग व्हावा असे वाटते.

मी आपल्याकडे आले तेव्हा माझ्या डोक्यात केदारकंठा होता: उत्तराखंडातला सुमारे ३,८०० मीटर उंचीचा डोंगर, जानेवारीतला बर्फ आणि माझा एकटीचा तंबू. आपण नको म्हटले नाही. ‘जपून हो, पोरी’ असेही म्हटले नाहीत. हे वाक्य मी तोवर इतक्या जणांकडून ऐकले होते की, ते आपल्या तोंडून आले नाही म्हणूनच बहुधा मी बसून राहिले. आपण फक्त विचारत गेलात. पिण्याचे पाणी बर्फ वितळवून मिळवायचे, तर त्यासाठी इंधन किती लागेल? भुसभुशीत बर्फात तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, मग दोर कशाला बांधणार? ओले बूट रात्री कुठे ठेवणार, म्हणजे सकाळी ते दगडासारखे झालेले नसतील? समुद्राकाठी राहणाऱ्या शरीराला विरळ हवेची सवय होण्यासाठी दिवस किती राखणार? उत्तरे जमवताना माझे मलाच ठरवता आले की, एकटेपणा आणि बर्फ या दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यात शिकायच्या नाहीत. यंदा एकटेपणा, बर्फ पुढे, जाणत्यांच्या सोबतीने.

सह्याद्रीतली थंडी म्हणजे काय ती थंडी, असे मुंबईकराला वाटते. त्यावर आपण एक साधा हिशेब मांडलात. उंची दर १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे सांताक्रूझला पहाटे १७ अंश असतील, तर सुमारे १,४०० मीटरवरच्या गडमाथ्यावर ८ अंशांच्या आसपास, आणि निरभ्र, वारा पडलेल्या रात्री त्याहूनही कमी, कारण तेव्हा जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडत राहते आणि गार झालेली जड हवा खोलगट जागी साचते. म्हणून तंबू खोलगटात नको आणि कोकणकड्याच्या धारेजवळ तर नकोच, हे आपण नकाशावर बोट ठेवून दाखवलेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातनंतर उगवतो, हेही आपणच मोजायला लावलेत. हे १३ तास एकटीने काढायचे आहेत. बाकी सगळी तयारी त्यांच्यासाठीच आहे.

स्लीपिंग बॅगेच्या बाबतीत तर आपले ऋण मोठेच आहे. चिठ्ठीवरच्या तापमानाच्या दोन आकड्यांपैकी ‘कम्फर्ट’चा आकडा प्रमाणित स्त्रीच्या शरीरावरून आणि ‘लिमिट’चा प्रमाणित पुरुषाच्या शरीरावरून काढलेला असतो, त्यामुळे मी पहिलाच पाहायचा, हे मला दुकानात कोणी सांगितले नव्हते. बॅग कितीही भारी असली तरी पाठीखाली दबलेला तिचा भाग ऊब धरत नाही, म्हणून चांगल्या मॅटवर पैसे आधी खर्च करायचे. चढताना घामेजलेला सुती शर्ट माथ्यावर पोहोचताच बदलायचा; आणि श्वासातली वाफ आतून ठिबकू नये म्हणून थंडी वाजली तरी तंबूची झडप थोडी उघडी ठेवायची.

गॅसचा स्टोव्ह न्यायचा की नाही, हा वाद मात्र आपण जिंकलात, हे इथे नोंदवते. डब्यातला ब्युटेन वायू शून्य अंशाच्या किंचित खालीच उकळतो, त्यामुळे थंडीत डब्यातला दाब उतरतो आणि ज्योत मलूल होते. बंद तंबूत पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडची भीती. शिवाय गॅसचा डबा कसारा लोकलमधून नेताच येत नाही. हिवाळ्यात गडावरचे गवत वाळलेले असते, तेव्हा शेकोटीचा विचारही नको. म्हणून थर्मासमध्ये चहा, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर रात्र निभावायची आहे. (चहाबद्दल मी अजूनही थोडी नाराज आहे.)

कसाऱ्याहून राजूर, तिथून पायथ्याचे पाचनई गाव आणि पाचनईच्या वाटेने माथा. खिरेश्वरहून येणारी लांबची वाट पुन्हा केव्हातरी. गड अभयारण्यात येत असल्यामुळे तंबूबाबत वनखात्याचा नियम काय आहे ते आधी विचारायचे. शनिवार-रविवारी गडावर इतकी गर्दी असते की तिथे एकटेपणा मिळायचा नाही, म्हणून आठवड्यातला मधला दिवस.

सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते त्या एका कागदाबद्दल. थंडीने शरीर गारठू लागले की आधी कापरे भरते, मग बोटे चालेनाशी होतात, बोलणे जड होते आणि विचार मंदावतो. सोबत कोणी असेल तर त्याच्या ते ध्यानात येते, एकट्याच्या येत नाही. म्हणून परत फिरण्याच्या अटी घरी, उबेत बसून लिहायच्या, असा आपला आग्रह होता. दुपारी तीनपर्यंत माथा गाठला नाही तर उतरायचे. अंगठा करंगळीला टेकवता येईनासा झाला तर लगेच कोरडे कपडे घालून बॅगेत शिरायचे आणि काहीतरी गोड खायचे. त्याच कागदावर माझी वाट, तंबूचा रंग आणि परतल्यावर फोन करण्याची वेळ आहे. गडावर रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे ठरलेल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर आधी पाचनईत आणि मग ११२ वर कळवण्याची जबाबदारी आपण स्वतःहून घेतलीत. माझ्या घरच्यांनी होकार दिला तो यामुळेच.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी या कागदाची स्वच्छ प्रत घेऊन वर येते. तीनची वेळ आपल्याला अजूनही उशिराची वाटत असेल, तर तेव्हा बदलू.

आपली नम्र,
खालच्या मजल्यावरची