साउंड कार्ड घेताना ड्रायव्हर आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्सवर ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या नवख्याला 'महागातले कार्ड घे, आवाज मागे पडणार नाही' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही, कारण लेटन्सी, म्हणजे तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये ती ऐकू येईपर्यंतचा विलंब, मुख्यत्वे बफरच्या, म्हणजे आवाजाचे नमुने तात्पुरते साठवणाऱ्या जागेच्या, आकारावर ठरतो. 48,000 हर्ट्‌झला (सेकंदाला 48,000 नमुने) 128 नमुन्यांचे तीन बफर ठेवले, तर हिशेबाने 8 मिलिसेकंद होतात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून पावणेतीन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या स्पीकरसमोर वाजवल्यासारखे वाटते. बहुतेकांना इतके चालते. हा बफर आवाज न तुटता किती लहान ठेवता येतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर खोक्यावरच्या '192 किलोहर्ट्‌झ'मध्ये सापडत नाही.

मी स्वतः एकदा असाच फसलो. घेतलेल्या महागड्या कार्डाचा आतला मिक्सर केवळ विंडोजवरच्या प्रोग्रॅममधून हलत असे. लिनक्सवर आवाज येई, पण एका वाहिनीचा आवाज कमी करायचा तरी दुसरा संगणक लावावा लागे. त्यानंतर घेतलेले दोन वाहिन्यांचे साधे यूएसबी कार्ड 'क्लास कंप्लायंट', म्हणजे यूएसबीच्या सामाईक मानकाप्रमाणे वेगळ्या ड्रायव्हरविना चालणारे होते, सगळी बटणे त्याच्या अंगावरच होती आणि कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, अल्सा या ध्वनियंत्रणेच्या ड्रायव्हरने ते जोडताक्षणी ओळखले. कमी पैशांत कार्ड निवडणाऱ्याने हीच खात्री आधी करावी. संगणकाच्या आत बसणारी जुनी पीसीआय कार्डे स्वस्तात मिळतात आणि त्यांतली काही उत्तम चालतात, मात्र नव्या मदरबोर्डवर ती बसवायला बहुधा जागाच नसते.

प्रोग्रॅम पडद्यावर लेटन्सीचा जो आकडा दाखवतो, त्यावरही विसंबू नये. कार्डाचे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडून जॅक या ध्वनी-सर्व्हरसाठीचे विलंब मोजणारे 'जॅक आयओडिले' चालवले, तेव्हा 8 लिहिलेल्या जागी माझ्याकडे पूर्ण फेरा 12 मिलिसेकंदांच्या आसपास भरला. आत येणारा बफर आणि कन्व्हर्टरचा वेळ त्या 8 मध्ये धरलेलाच नसतो.

आवाज तुटू लागला, म्हणजे 'एक्सरन' येऊ लागले, की दोष कार्डाच्या माथी मारला जातो; वास्तविक अनेकदा वापरकर्त्याला रिअल-टाइम प्राधान्याची, म्हणजे ध्वनीचे काम इतर कामांआधी करवून घेण्याची, परवानगीच दिलेली नसते किंवा कार्ड गर्दीच्या यूएसबी हबवर लटकत असते. कर्नलला वेळेच्या बाबतीत काटेकोर करणारे प्रीएम्प्ट-आरटी 2024 मध्ये 6.12 आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आले असले, तरी ते कर्नल बांधतानाच चालू करावे लागते. अर्थात वरच्यासारख्या बफरला साधे कर्नलही बहुधा पुरते.

राहता राहिले केवळ गायन मुद्रित करणारे. त्यांनी डायरेक्ट मॉनिटरचे बटण असलेले कार्ड घ्यावे; त्यात गायकाचा आवाज संगणकातून न जाता थेट हेडफोनमध्ये जातो आणि बफर 1024 ठेवला तरी काही बिघडत नाही.

आपला,
एक वाचक