पोरांना कन्नड येतं, मग इंग्लिशच का अडतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी मीडियम हायस्कूलला इंग्लिश शिकवते, आठवी ते दहावी. दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत पालक येतात आणि सगळ्यांचं एकच, "बाई, मराठीत ठेवलं तर पोराला इंग्लिश येणार नाय की." मग चांगली पोरं सातवी झाली की दाखला काढून लांबच्या शाळेला जातात. पालकांना मी दोष देत नाही, त्यांची भीती खरी आहे, कारण दहावीला इंग्लिशमध्ये पास झालेली आमची पोरं बँकेत स्लिप भरताना अडतात हे मी बघितलंय.

पण एक गोष्ट बघा. आमच्या नववीतला एक मुलगा, घरात फक्त मराठी, आठवड्याच्या बाजारात आईबरोबर मिरची विकायला बसतो. गिऱ्हाईक कन्नड निघालं की हा सरळ "एष्टु बेकु री?" (किती पाहिजे?) म्हणून वजनकाटा पुढं घेतो, भाव करतो, सुट्टे परत देतो. त्याला कन्नडचं व्याकरण कोणी शिकवलं? कोणीच नाही. काम होतं म्हणून बोलला, तीच दहा वाक्यं शंभरवेळा बोलला, आणि चुकला तेव्हा गिऱ्हाईक हसत बसलं नाही, मिरची घेऊन गेलं. हाच मुलगा इंग्लिशच्या तासाला मान वर करत नाही. दोन भाषा तोंडात असलेल्या पोराला तिसरी येत नाही असं कसं म्हणायचं? आम्ही त्याला इंग्लिशमध्ये करायला काही कामच देत नाही, पासिंग पॅकेज (पास होण्यापुरत्या निवडक प्रश्नोत्तरांचा संच) देतो आणि उत्तरं पाठ करायला लावतो, कारण बोर्डाचा पेपर लेखी असतो आणि शाळेचा निकाल त्यावर मोजतात.

तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचं आणखी एक असतं ते म्हणजे लाज. लहान पोरगं चुकीचं बिनधास्त बोलतं, हे वय बोलत नाही, वर्गात कोणतरी खुदकन हसलं की संपलं. सुरवातीच्या वर्षांत मी पोरगं बोलत असतानाच मध्येच थांबवून चूक दुरुस्त करायची, मला वाटायचं हेच शिकवणं. त्यात एक मुलगी अशी गप्प झाली की वर्षभर तोंड उघडलं नाही. ते मला अजून टोचतं. आता पोरं बोलत असताना मी फक्त वहीत लिहून घेते आणि तासाच्या शेवटी तीन चुका फळ्यावर घेते, कोणाचं नाव नाही, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायच्या. आणि प्रश्न विचारला की लगेच बोट दाखवत नाही, आधी शेजारच्याबरोबर एक मिनिट बोला म्हणते, मग पन्नास पोरांचा वर्ग असला तरी पंचवीस जण एकाच वेळी इंग्लिश बोलत असतात, गोंधळ होतो, होऊ दे.

काम कसलं द्यायचं तर बसचं टाइमटेबल. बाकावरच्या एकाकडे बेळगावला जाणाऱ्या गाड्यांच्या अर्ध्या वेळा, दुसऱ्याकडे उरलेल्या अर्ध्या, एकमेकाचा कागद बघायचा नाही, इंग्लिशमध्ये विचारून आपला कागद पुरा करायचा. विचारल्याशिवाय कागद भरतच नाही, म्हणून बोलावंच लागतं.

आणि घरातली पोती! युरियाच्या पोत्यावर काय काय लिहिलंय ते वहीत उतरवून आणा म्हणून सांगितलं तर पोरं 46 टक्के नायट्रोजन, 45 किलो सगळं घेऊन आली, आणि एकानं विचारलं बाई "यूज नो हुक्स" म्हणजे काय? हमाल पोत्याला लोखंडी आकडा मारतात ना, तो मारू नका म्हणून, हे वर्गातल्याच दुसऱ्या पोरानं सांगितलं, त्याचे वडील हमाल आहेत. त्या दिवशी तो पोरगा पहिल्यांदा पुढं येऊन बोलला. मग पिकावर फवारायच्या औषधाच्या बाटल्यांची लेबलं घेतली (रिकाम्या बाटल्या आणायच्या नाहीत, नुसतं बघून लिहायचं, हे आधी बजावून), लाल त्रिकोण सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. "शेक वेल", "डू नॉट", "कीप अवे" हे आज्ञार्थी प्रकरण मला पुस्तकातून शिकवायला आठवडा लागायचा, इथं दोन तासांत झालं आणि घरी जाऊन बापाला वाचून दाखवलं ते वेगळंच.

व्याकरण नको असं मी म्हणत नाही. पण पोरं "आय स्कूल टू गो" का लिहितात ते तरी समजून घेऊ. आपण "शाळेला" म्हणतो, "ला" मागं लागतो, कन्नडमध्ये "शालेगे", तो "गे" पण मागंच, आणि क्रियापद दोन्हीकडे शेवटी. इंग्लिशमध्ये "टू" पुढं उडी मारतो आणि क्रियापद मध्ये घुसतं. मी चार पोरांच्या हातात चार शब्दांच्या पाट्या देते आणि ओळीत उभं करते, मराठीची ओळ झाली की "आता इंग्लिश" म्हणायचं, पोरं पळत जागा बदलतात. एकदा पायानं जागा बदलली की पेपरात विसरत नाहीत. प्रश्नाचं पण तसंच, आपला "का" शेवटी येतो म्हणून "यू आर कमिंग?" एवढ्यावर पोरं थांबतात, "आर" पुढं आणत नाहीत.

मुलींसाठी सगळ्यात कामाला आलं ते व्हॉट्सॲप. तीस सेकंदाचा व्हॉइस मेसेज, आज घरात काय स्वयंपाक केला ते, फक्त मला पाठवायचा, ग्रुपवर नाही. वर्गात गप्प बसणाऱ्या मुली घरात चार-चार वेळा रेकॉर्ड करून, पुसून परत करून पाठवतात, म्हणजे प्रॅक्टिस आपोआप झाली की. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर बोलायचं.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा मुलांच्या पानावर हाताएवढी जागा द्या, त्यात एखादं खरं लेबल, तिकीट, बँकेची स्लिप किंवा नोकरीची जाहिरात इंग्लिशमध्ये छापा आणि खाली चार प्रश्न सोप्या मराठीत. आमच्या भागात पेपर चहाच्या टपरीपर्यंत पोचतो, गाइड पोचत नाही. मजकूर गोळा करून द्यायला मी आणि आमच्या तालुक्यातले दोघं-तिघं शिक्षक तयार आहोत, पैसे नकोत.

आपली,
एक हायस्कूल शिक्षिका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव